काढायचं आधीच ठरलंय, चौकशी नंतर करा म्हणतात. एचआरने काय करावं?

रानजाई
नमस्कार मंडळी. एका इंजिनीअरिंग कारखान्यात एचआरमध्ये आहे. साडेचारशेच्या आसपास कायम कामगार, मान्यताप्राप्त युनियन, आणि युनियनच्या मागणीपत्रकाचा वाद सध्या सरकारी कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यांपुढे चालू आहे. कारखान्याचं नाव, गाव मुद्दाम देत नाही.

दुसऱ्या पाळीत एका ऑपरेटरची आणि शिफ्ट सुपरवायझरची बाचाबाची झाली. सुपरवायझरने मेल केला की ऑपरेटरने आईवरून शिवी दिली आणि छातीवर धक्का मारला. ऑपरेटर म्हणतो, शिवी तोंडून गेली, धक्का मारलेला नाही. अकरा वर्षांची नोकरी, फाइलमध्ये एकही मेमो नाही. प्लांट हेडचं म्हणणं, आठवडा संपायच्या आत त्याच्या हातात टर्मिनेशनचं पत्र पडलं पाहिजे. 'व्यवस्थापनाचा विश्वास उडाला आहे' असा मसुदा तयारही आहे. मी चौकशीचा विषय काढला तर म्हणाले, "कर की चौकशी, पण शेवट हाच हवा."

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. असं थेट पत्र देता येतं का? त्याला निलंबित करावं का? आणि चौकशी अधिकारी म्हणून मीच बसावं असं सुचवलं जातंय, ते चालेल का? पण खरं सांगायचं तर मला याहून जास्त छळतोय तो शेवटचा भाग. शेवट ठरवून सुरू केलेल्या चौकशीवर मी सही कशी करू?

कोर्टाचीपायरी
रानजाई ताई, ते पत्र अजिबात देऊ नका. मी बहुतेक वेळा व्यवस्थापनाच्या बाजूने लेबर कोर्टात उभा राहतो, त्यामुळे हे कंपनीच्याच हिताचं सांगतोय असं समजा.

तुमच्याकडे मागणीपत्रकाचा वाद समेटात आहे. असा वाद चालू असताना कामगाराला गैरवर्तनासाठी बडतर्फ करायचं असेल तर जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३(२)(ब) प्रमाणे त्याला एक महिन्याचा पगार द्यावा लागतो आणि जिथे वाद चालू आहे तिथे मंजुरीचा अर्ज करावा लागतो. गैरवर्तनाचा त्या वादाशीच संबंध असेल, किंवा माणूस संरक्षित कामगार (कायद्याने खास संरक्षण दिलेला युनियनचा पदाधिकारी) असेल, तर आधी परवानगी आणि मग कारवाई. औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्येही हे बंधन कायम आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. मंजुरी न घेता काढलं तर काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ साली जयपूर जिल्हा सहकारी भूमी विकास बँकेच्या खटल्यात सांगितलं आहे: तो बडतर्फीचा आदेश मुळातच निरर्थक, कामगार नोकरीत होता आणि आहे असंच धरायचं.

'विश्वास उडाला' हे शब्द लिहिल्याने गैरवर्तनाचा आरोप लपत नाही. न्यायाधीश पत्राच्या भाषेमागे काय घडलं ते बघतात. सुपरवायझरचा मेल, त्यानंतर चार दिवसांनी टर्मिनेशन, मध्ये काहीच नाही. यावर मी कोणत्या तोंडाने युक्तिवाद करू?

महाराष्ट्रात आणखी एक दार उघडं आहे, १९७१ चा आपला एमआरटीयू अँड पीयूएलपी कायदा, म्हणजे युनियनची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना आळा याबद्दलचा राज्याचा कायदा. त्याच्या चौथ्या परिशिष्टातला पहिलाच मुद्दा बडतर्फीबद्दल आहे: सूडबुद्धीने काढणं, उघड खोट्या कारणासाठी काढणं, नैसर्गिक न्यायाची पर्वा न करता किंवा अवाजवी घाईने काढणं, किरकोळ गैरवर्तनाला मागची नोकरी न बघता धक्कादायक शिक्षा देणं. हे सगळं अनुचित कामगार प्रथेत येतं. कामगार ९० दिवसांत थेट लेबर कोर्टात तक्रार करू शकतो आणि अंतरिम आदेशही मागू शकतो. नव्या संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा (कारखान्याच्या लेखी सेवानियमांचा) कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा हे तीन आहेत. आपला राज्याचा कायदा त्या यादीत नाही.

निलंबनाचं असं आहे की चौकशी होईपर्यंतचं निलंबन ही शिक्षा नव्हे, पण ते शिक्षेसारखं वापरलं जातं. गरज असेल तरच करा: तो साक्षीदारांवर दबाव आणेल, पुन्हा मारामारी होईल अशी खरी शक्यता असेल तर. निलंबित केलंत तर पहिले ९० दिवस ५० टक्के निर्वाह भत्ता, आणि उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर पुढे ७५ टक्के. संहितेप्रमाणे निलंबनापासून साधारण ९० दिवसांत चौकशी संपवायची आहे. भत्ता थकवू नका. भत्ता न दिल्यामुळे कामगार चौकशीला येऊ शकला नाही, एवढ्यावर चौकशा रद्द झाल्या आहेत.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. तुम्ही मसुदा बघितला आहे, प्लांट हेडशी बोलला आहात, जबाबही बहुधा तुम्हीच घ्याल. तुम्ही चौकशी अधिकारी होऊ नका.

मुळाकाठ
आमच्याकडे अशाच घाईत काढलेला माणूस कोर्टातून परत आला. ज्यांनी सही केली होती ते तोवर दुसऱ्या कंपनीत गेले होते. निस्तरायला आम्ही होतो.

कागदपत्र
मी कार्मिक विभागातून निवृत्त झाले. आता बाहेरच्या चौकशांवर चौकशी अधिकारी म्हणून जाते. वरच्या वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी टेबलावरचं सांगते, कारण बहुतेक चौकशा पहिल्या दोन-तीन दिवसांतच बिघडतात.

रानजाई, आजच्या आज सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग मागवून ठेव. बहुतेक ठिकाणी जुन्यावर नवं चढतं आणि महिनाभराने हाती काही उरत नाही. कॅमेऱ्यात तो कोपरा येत नसेल तर तसंही लिहून ठेव. त्या पाळीचं हजेरीपत्रक, मशीनचं लॉगबुक, गेटची नोंद काढ. कोण कुठे उभं होतं ते यातून ठरतं. मग साक्षीदारांना एकेकटं बोलाव. तिघांना एकत्र बसवून घेतलेला जबाब हा तिघांतल्या मोठ्या आवाजाचा जबाब असतो. त्यांचं त्यांना लिहू दे, मराठीत, त्यांच्या शब्दांत. तू टाइप करून सही घेतलीस की उलटतपासणीत पहिला प्रश्न येतो, "ही भाषा तुमची आहे का?" आणि साक्षीदार खरं बोलतो, "नाही, मॅडमनी लिहिलं."

आणि ऑपरेटरलाही विचार. हे मी मुद्दाम सांगते, कारण प्राथमिक तपासात आरोप असलेल्या माणसाला सोडून सगळ्यांना विचारलेलं मी फार वेळा बघितलंय.

आता आरोपपत्र. माझ्यापुढे येणाऱ्या आरोपपत्रांपैकी बरीचशी 'आपण वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले व अर्वाच्य भाषा वापरली' या धाटणीची असतात. असं आरोपपत्र टिकत नाही. तारीख, वेळ, जागा, कोणासमोर, आणि नेमके कोणते शब्द, हे सगळं हवं. शिवी असेल तर शिवी जशीच्या तशी लिहायची. कितीही घाण असली तरी. आपल्याला लाज वाटते म्हणून आपण 'अपशब्द' लिहितो, आणि कशाचं उत्तर द्यायचं हे त्या माणसाला कळत नाही. शिक्षा किती हेही त्या शब्दांवरच ठरतं. १९८२ च्या रमाकांत मिश्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शब्द आणि चौदा वर्षांची स्वच्छ नोकरी बघून बडतर्फी काढली आणि दोन वेतनवाढी रोखायची शिक्षा दिली. २००५ साली महिंद्र अँड महिंद्रच्या खटल्यात त्याच न्यायालयाने वरिष्ठाला दिलेल्या गलिच्छ शिव्यांसाठी बडतर्फी कायम ठेवली. म्हणजे 'शिवी दिली की गेला' हाही नियम नाही आणि 'शिवीसाठी काढता येत नाही' हाही नाही. काय बोलला, कोणत्या प्रसंगात बोलला, आधीची नोकरी कशी, हे बघावंच लागतं.

शिवी आणि धक्का हे दोन वेगळे आरोप ठेव. एकात गुंडाळलेस तर एक सिद्ध झाला आणि दुसरा नाही, की अहवाल लिहिणाऱ्याची आणि पुढे तुझी अडचण होते.

पहिलीपाळी
मी युनियनच्या कमिटीवर आहे, कामगारांचा बचाव प्रतिनिधी म्हणून बसतो. इथे बहुतेक एचआरवाले आहेत म्हणून समोरून कसं दिसतं ते सांगतो.

आरोपपत्र इंग्रजीत येतं. ज्याला द्यायचं तो दहावी झालेला, आयुष्यभर मराठीत बोललेला. तो ते घेऊन माझ्याकडे येतो, मी वाचून दाखवतो, आणि खुलासा द्यायला उरलेले असतात अठ्ठेचाळीस तास, त्यात रविवार. खुलासा दिला की त्याच दिवशी 'असमाधानकारक' म्हणून पत्र येतं. कोणी वाचला तो? चौकशीची तारीख त्याच्या रात्रपाळीनंतर सकाळी लावतात. रात्रभर मशीनवर उभा राहिलेला माणूस उलटतपासणी ऐकत बसतो. एखाद्या तारखेला आजारी पडला की एकतर्फी.

आम्हाला सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? चौकशी अधिकारी साक्षीदाराला स्वतः प्रश्न विचारून कंपनीची बाजू भरून काढतो तेव्हा. सादरकर्ता, म्हणजे कंपनीची बाजू मांडणारा, विसरला ते अधिकारी आठवण करून देतो. कामगाराला कायदा कळत नसेल, पण समोरचा माणूस कुणाच्या बाजूने बसलाय हे त्याला पहिल्या बैठकीतच कळतं.

ताई, एक विनंती. भांडण कशावरून झालं ते शोधा. अकरा वर्षं गप काम करणारा माणूस एका संध्याकाळी उगाच शिवी देत नाही. शिवीचं मी समर्थन करत नाही. पण त्याच्या आधीची दहा मिनिटं कोणीच लिहीत नाही.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिलीपाळी दादा, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मी त्या दहा मिनिटांच्या मागे लागले.

त्याने रजेचा अर्ज आठवडाभर आधी दिला होता. आधीच्या शिफ्टच्या सुपरवायझरने तोंडी 'जा' म्हटलं होतं, अर्ज सिस्टीममध्ये चढवलाच नाही. तो रजेवरून परत आला तेव्हा या सुपरवायझरने त्याला विनापरवाना गैरहजर दाखवून पगार कापला. त्याबद्दल विचारायला तो गेला होता. दोन साक्षीदार सांगतात की सुपरवायझरने सगळ्यांसमोर "घरी बसायची सवय लागलीय तुला, कायमचा बसवतो" असं म्हटलं, आणि त्यावर शिवी आली. धक्क्याबद्दल एक जण हो म्हणतो, दोघं म्हणतात दिसला नाही. कॅमेऱ्यात तो कोपरा येत नाही. सुपरवायझरचा मेल घटनेनंतर दोन दिवसांनी आलाय आणि त्यात रजेचा उल्लेखही नाही.

हे मी प्लांट हेडपुढे ठेवलं. ते म्हणाले, तू कुणाच्या बाजूची आहेस? सुपरवायझरचा शब्द खाली पडला तर उद्या शॉप फ्लोअर कोण सांभाळणार? त्यांची काळजी खोटी आहे असं मला वाटत नाही. शिवी सोडून दिली तर शिस्तीचा प्रश्न येतोच. पण हे त्यांच्याशी बोलू कसं?

कोर्टाचीपायरी
त्यांच्याशी शिस्तीच्याच भाषेत बोला, आणि खर्चाच्या.

बेकायदा बडतर्फी ठरली तर पुनर्स्थापना, नोकरीची सलगता आणि मागील वेतन हा सर्वसाधारण नियम असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात ठामपणे सांगितलं. या काळात कामगार दुसरीकडे कमावत होता हे म्हणायचं आणि सिद्ध करायचं ओझं मालकावर. पुढच्या निकालांत प्रत्येक प्रकरणाप्रमाणे रक्कम कमी-जास्त होते, पण सुरुवात तिथून होते. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७ब खालची प्रकरणं मी हाताळली आहेत. पुनर्स्थापनेच्या निवाड्याविरुद्ध कंपनी हायकोर्टात गेली की प्रकरण संपेपर्यंत शेवटचा पगार दरमहा द्यावा लागतो, आणि माणूस घरी असतो. प्लांट हेडना हे आकड्यांत मांडून दाखवा. अकरा वर्षांच्या ऑपरेटरचा पगार, गुणिले कोर्टाची वर्षं.

ते म्हणतील, "चौकशी नाही केली तरी कोर्टात पुरावा देता येतो म्हणतात." येतो. १९७३ च्या फायरस्टोनच्या निकालापासून ते मान्य आहे. पण तो हक्क मालकाने आपल्या लेखी कैफियतीतच मागून ठेवायला हवा, असं २००१ साली कर्नाटक राज्य परिवहनाच्या खटल्यात घटनापीठाने म्हटलं. आणि मागून ठेवला तरी तेव्हा साक्षीदार कुठे असतील? जो एक माणूस धक्का बघितला म्हणतो, तो पाच-सात वर्षांनी कोर्टात त्याच ठामपणाने उभा राहील का?

आणि चौकशी उत्तम झाली, आरोप सिद्ध झाले, तरी शिक्षा जास्त वाटली तर लेबर कोर्ट ती बदलू शकतं. १९७१ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम ११अ आल्यापासून हा अधिकार आहे. अकरा वर्षं स्वच्छ नोकरी, चिथावणी, धक्क्याबद्दल परस्परविरोधी साक्षी. यावर बडतर्फी टिकेल अशी हमी मी माझ्या अशिलाला देणार नाही.

आता शिस्तीचं. सुपरवायझरचा मान राखायचा असेल तर त्याचा आरोप नीट तपासून, सिद्ध होईल तेवढा सिद्ध करून, साजेशी शिक्षा द्यावी. ती कोर्टात उलटत नाही. काढलेला माणूस हार घालून गेटमधून परत येतो तेव्हा सुपरवायझरचं काय उरतं, हे प्लांट हेडना विचारा.

चाफा
मी आयटी कंपनीत एचआर. आमच्याकडे सगळे इंजिनीअर, लाखाच्या पुढचे पगार, त्यामुळे कोणीच 'वर्कमन', म्हणजे कामगार कायद्याचं संरक्षण असलेला, नाही असं आम्ही धरतो. वाद झाला की खोलीत बोलावून राजीनामा घेतात. यात काय धोका आहे? आणि दुसरा प्रश्न, आमच्या एका सपोर्ट सेंटरमधला मुलगा अचानक यायचा बंद झाला. आठ दिवसांवर गैरहजर म्हणून नाव आपोआप कमी करायचं कलम आमच्या नियमावलीत आहे. तेवढं पुरे ना?

कागदपत्र
नाही ग, दोन्ही नाही.

पगाराची मर्यादा फक्त सुपरवायझरी काम करणाऱ्यांना आहे. जुन्या कायद्यात १०,००० होती, संहितेत १८,००० आहे. जो तांत्रिक, कुशल, कारकुनी काम स्वतःच्या हाताने करतो त्याला पगाराची वरची मर्यादाच नाही. पदनाम 'मॅनेजर' असलं तरी कोर्ट विचारतं: याच्या हाताखाली कोण आहे, रजा कोण मंजूर करतो, कुणाच्या कामाचं मूल्यमापन हा करतो? कोणी नाही असं उत्तर आलं तर तो कोड लिहिणारा, तपासणारा माणूस 'वर्कर'च्या व्याख्येत येण्याची चांगलीच शक्यता आहे.

खोलीत बोलावून घेतलेल्या राजीनाम्याबद्दल मला फार वाईट वाटतं. माणूस हादरलेला असतो, फोन बाहेर ठेवायला लावलेला असतो, "सही कर नाहीतर रिलीव्हिंग लेटरमध्ये लिहू" असं सांगतात. तो घरी जाऊन त्याच रात्री मेल करतो की माझ्याकडून जबरदस्तीने सही घेतली. तो मेल पुढे सगळ्यात मोठा पुरावा ठरतो. असं करू नका. कामाबद्दल तक्रार असेल तर लेखी द्या, सुधारायला वेळ द्या, नाहीच जमलं तर नोटीस आणि कायद्याने देय असलेली रक्कम देऊन रीतसर करा. नोकरी कशीही संपली, राजीनामा असो की बडतर्फी, वेतन संहितेप्रमाणे त्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. 'फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी' ही सवय पगारापुरती तरी आता सोडा.

गैरहजेरीसाठी १९९३ चा डी. के. यादव विरुद्ध जे.एम.ए. इंडस्ट्रीज हा निकाल वाच. तिथेही स्थायी आदेशात आठ दिवसांचं असंच कलम होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बाजू मांडायची संधी आणि चौकशी याशिवाय नाव कमी करता येत नाही. त्या मुलाच्या घरच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठव, मेल कर, त्याने दिलेल्या आपत्कालीन संपर्काला फोन कर. परत आलेला लिफाफा न फोडता फाइलला लाव, पोस्टमनचा शेरा त्याच्यावर असतो. आणि अगोदर तो बरा आहे ना याची चौकशी कर. कायमचा यायचा बंद झालेला प्रत्येक जण नोकरी सोडून गेलेला नसतो.

धनेश
याच धाग्यावर विचारतो. आमच्या शाखेत एका सहकारी महिलेची तक्रार आली आहे, वरिष्ठाच्या बोलण्याबद्दल. मॅनेजर म्हणतात, साधी शिस्तीची चौकशी लावू, समितीकडे कशाला. बरोबर आहे का?

कोर्टाचीपायरी
नाही. बोलणं लैंगिक स्वरूपाचं असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडेच जायला हवं. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत ती असलीच पाहिजे. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला नकोत, एक सदस्य बाहेरची. तक्रार तीन महिन्यांत, कारणं लिहून आणखी तीन महिने वाढवता येतात. चौकशी ९० दिवसांत. समितीने शिफारस केल्यावर मालकाने ६० दिवसांत कारवाई करायची. समेट फक्त तक्रारदार महिलेने स्वतः मागितला तरच, आणि पैशांवर नाही. मॅनेजरने 'समजुतीने मिटवू' म्हणत तिला बोलावणं हेच चुकीचं. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, इथे रानजाई ताईंचा विषय सुटेल. नावं मात्र तिथेही लिहू नका, गोपनीयतेचं कलम कडक आहे.

रानजाई
पुढची हकिकत सांगते. आकडे मांडल्यावर प्लांट हेड बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, रीतसर कर. टर्मिनेशनचा मसुदा बाजूला पडला. निलंबन केलं नाही, ऑपरेटरची पाळी तात्पुरती बदलली, म्हणजे दोघं समोरासमोर येत नाहीत. आरोपपत्र मराठीत दिलं, दोन आरोप वेगळे, शब्द जसेच्या तसे. खुलाशाला आठवडा दिला. रजेचा अर्ज सिस्टीमला न चढवल्याबद्दल आणि सगळ्यांसमोर धमकीवजा बोलल्याबद्दल दोन्ही सुपरवायझरना स्वतंत्र मेमो गेले. हे शेवटचं करायला सगळ्यात जास्त जोर लागला.

शोधताना एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे तक्रार निवारण समिती आहे, कागदावर. बैठकाच होत नाहीत. पगार कापला म्हणून त्याला जायला सुपरवायझरच्या टेबलाशिवाय जागाच नव्हती.

आता खुलासा आलाय. त्यात लिहिलंय, "रागाच्या भरात तोंडातून शिवी गेली, त्याबद्दल दिलगीर आहे. धक्का मी मारलेला नाही. मला पुन्हा संधी द्यावी." वरचे लोक विचारतायत, गुन्हा कबूल केलाय, मग चौकशी कशाला? थेट शिक्षा देता येईल का?

पहिलीपाळी
त्या समितीला जिवंत करा ताई. वीस किंवा जास्त कामगार असले की ती लागते, दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, जास्तीत जास्त दहा. तक्रार आल्यावर तीस दिवसांत काम संपवायचं. आमच्याकडे ती नीट चालते तेव्हा महिन्याची निम्मी भांडणं माझ्यापर्यंत येतच नाहीत. पगार कापल्याचा त्याचा मूळ प्रश्न अजून तसाच आहे ना? तो आधी सोडवा. रजा मंजूर होती हे दिसत असेल तर पैसे परत करा, चौकशी संपायची वाट बघू नका.

आणि मेमोबद्दल तुमचं कौतुक. शॉप फ्लोअरवर ही बातमी एका पाळीत पोचली असेल.

कागदपत्र
कबुलीबद्दल. शिवीचा आरोप त्याने स्पष्ट, अट न घालता मान्य केलाय. धक्का नाकारलाय. म्हणून 'गुन्हा कबूल' असा शेरा मारून दोन्हीवर शिक्षा देता येणार नाही. चौकशी लाव. पहिल्या बैठकीत चौकशी अधिकारी त्याला दोन्ही आरोप वाचून दाखवतील, समजले का विचारतील, शिवीबद्दलची कबुली स्वेच्छेने आहे ना ते विचारून नोंदवतील. धक्क्याबद्दल कंपनीने साक्षीदार आणायचे. सुपरवायझरने स्वतः यायचं, नुसता मेल दाखल करून चालणार नाही. कागद सादर केला म्हणजे मजकूर सिद्ध झाला असं होत नाही, हे पंजाब नॅशनल बँकेच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलंय. पुरावा फौजदारी खटल्याइतका कडक लागत नाही, पण काहीतरी पुरावा लागतो. 'दिसला नाही' म्हणणारे दोघेही हवेत. कंपनीने नाही आणले तर बचाव प्रतिनिधी आणेल, आणि मग ते कंपनीने लपवल्यासारखं दिसेल.

सादरकर्ता म्हणून वकील किंवा कायदा शिकलेला अधिकारी नेमणार असाल तर कामगारालाही वकील घेऊ द्यावा लागेल. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या निकालापासून हे ठरलेलं आहे. नसेल नेमायचा तर साधा अनुभवी अधिकारी द्या.

अहवाल आला की आधी त्याची प्रत कामगाराला द्यायची आणि त्यावर त्याचं म्हणणं मागायचं, मग शिक्षेचा विचार. १९९३ च्या करुणाकर निकालाचा अर्थ हाच. शिक्षा ठरवताना मागची नोकरी बघा, आणि त्याच्याविरुद्ध जुनं काही वापरणार असाल तर ते आधी त्याला सांगा. इथे त्याच्या बाजूची अकरा वर्षं आहेत, ती आदेशात लिहा. आदेशात कारणं नसली की वाचणाऱ्याला वाटतं शिक्षा आधीच ठरली होती.

शिक्षा देणारा अधिकारी प्लांट हेड असेल, आणि त्यांनी आधी 'शेवट हाच' म्हटल्याचं बऱ्याच जणांना माहीत असेल, तर आदेश त्यांच्याऐवजी दुसऱ्या सक्षम अधिकाऱ्याने द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. स्थायी आदेशात कुणाला अधिकार आहे ते बघ आणि लेखी घे.

रानजाई
हे शेवटचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. स्थायी आदेशात 'मॅनेजर' म्हटलंय, त्या पदावर दुसरे एक जण नोंदलेले आहेत. त्यांच्याशी बोलते. कापलेला पगार या महिन्याच्या स्लिपमध्ये परत जमा करायला सांगितलाय. चौकशी अधिकारी बाहेरच्या घेतल्या आहेत, त्यांचा कंपनीशी आधी संबंध नाही. पहिली बैठक त्याच्या सुट्टीच्या दिवशी न ठेवता पाळीच्या वेळेतच ठेवलीय, पगारी. बैठकीत माझ्याकडून काय राहू नये?

कागदपत्र
रोजनामा. प्रत्येक बैठकीचा रोजनामा तिथेच, सगळ्यांसमोर, मराठीत लिहायचा. मागाहून टाइप करून 'सही करा' म्हणून फिरवायचा नाही. कोण हजर होतं, किती वाजता सुरू झालं, कोणी कोणता प्रश्न विचारला, कोणता प्रश्न नाकारला आणि का, पुढची तारीख कोणाच्या सोयीने ठरली, सगळं त्यात. प्रत्येक पानावर अधिकारी, सादरकर्ता, कामगार आणि बचाव प्रतिनिधी यांची सही, आणि उठण्याआधी एक प्रत कामगाराच्या हातात. त्याने सही नाकारली तर 'नाकारली' एवढंच लिहायचं, जोर करायचा नाही. साक्षीदारांची यादी आणि कागदांच्या प्रती पहिल्या बैठकीच्या आधीच त्याला दे, म्हणजे पहिली तारीख वाचायला वेळ मागण्यात जाणार नाही.